खंडेनवमीचं तेल

"आधी पूस. मग हळदकुंकू वाहा. आणि तेलाचा थेंब घातल्याशिवाय फूल ठेवायचं न्हाई, म्हादेवी. वर्षभर आपल्यासाठी राबलेल्या वस्तूला कोरडं पुजायचं नसतं."

महादेवीच्या आईला, अव्वाला, जाऊन चार वर्षं झाली होती. पण खंडेनवमीच्या सकाळी पाट मांडला, की तिचा आवाज मागच्या खोलीतून यावा तसा यायचा. शहात्तर सालच्या खंडेनवमीलाही आला. महादेवीनं शिवणयंत्राला तेल घातलं, आप्पांच्या सायकलच्या साखळीला घातलं, अडकित्त्याला घातलं… आणि मग अंगणातल्या मोटारसायकलपुढं येऊन उभी राहिली.

गाडी अण्णाची. थोरला भाऊ रेवणसिद्ध बोटीवर इंजिनखात्यात होता. या खेपेला रजेवर येताना ही जपानी गाडी घेऊन आला होता. अख्ख्या सोलापुरात तसली दुसरी नव्हती. इतरांच्या गाड्यांचे ब्रेक तारेवर चालायचे, हिचा पुढचा ब्रेक तेलावर. "हिला कुणी हात लावायचा न्हाई," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण पूजेसाठी लावलेला हात हा काही हात लावणं नव्हे, असं महादेवीला वाटलं. पुसता पुसता उजव्या मुठीशेजारी एक गोल डबी दिसली. झाकण फिरवून पाहिलं, तर आत तेलच! तेही पार तळाला गेलेलं. बिचारी… कुणाचं लक्षच नाही हिच्याकडं. तिनं समईची बुधली आणली आणि डबी करडईच्या तेलानं काठोकाठ भरली. झाकण लावलं. वर कुंकवाचं बोट टेकवलं, शेवंतीचं फूल ठेवलं.

किती समाधान वाटलं होतं तिला त्या दिवशी!

दसरा झाल्यावर बुधवारी सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन, पूजेची ताटली हातात धरून ती तलावाच्या काठानं परत निघाली होती. अण्णा तिकडूनच चालला होता, म्हणाला, "बस मागं, सोडतो घरी." पंचकट्ट्याच्या अलीकडं समोरून टांगा आडवा आला. अण्णानं ब्रेकची मूठ दाबली — आणि ती नुसतीच आत गेली. गाडी थांबेचना! मागचा ब्रेक, दोन्ही पाय, सगळं रस्त्याला घासत गाडी कशीबशी वळली आणि एका गॅरेजच्या भिंतीला येऊन टेकली. घोड्याचा उष्ण श्वास महादेवीच्या दंडाला लागून गेला होता.

"ओ, ओ! हळू!" जीपखालून एक आवाज आला. मग दोन पाय, मग तेलकट सदरा, आणि शेवटी हसरा चेहरा बाहेर आला. "आत यायला दार हाय की. भिंतीतनं कशाला?"

अण्णाला हसू आलं नाही. "ब्रेक गेला हो! कालपरवापासून मऊ लागत हुता. आज तर हँडलला जाऊन टेकला. तेलाचा ब्रेक येतो का तुमाला?"

"जीपचा येतो. हिचाबी त्याच वळणाचा असंल." त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, नव्या सुनेकडं बघावं तसं हळूच, सगळीकडून बघितलं. "हवा शिरलीया आत. काढावी लागंल. पण त्याला दोन माणसं लागतात, आणि माझा जोडीदार सणाला गावी गेलाय."

अण्णाला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पोचायचं होतं. तो घड्याळाकडं बघून म्हणाला, "ही हाय की. माझी बहीण. हिला सांगा काय करायचं ते. तासाभरात येतो मी."

आणि तो गेलासुद्धा.

महादेवी पदर सावरून उभी राहिली. शेजारी सायकलवाला होता, पलीकडं चहाची गाडी होती, रस्ता वाहता होता. तरी छाती धडधडत होती. ती टांग्याची धडधड अजून थांबली नव्हती, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"ताई, हितं या. ही मूठ अशी…" तो म्हणाला आणि मध्येच थांबला. तिनं वर पाहिलं होतं. पुढं तासभर तो पुष्कळ बोलला, पण ते 'ताई' काही पुन्हा आलं नाही. "मी सिद्धाराम. मिस्त्री म्हणतात."

"मी महादेवी."

"काय?"

"महादेवी," ती आणखी हळू म्हणाली.

"हे मोठ्यानं असंल, तर हळू बोलता तवा कसं हो ऐकायचं!"

त्यानं पुढच्या चाकापाशी बसून एका बारीक नटाला सलाईनची पारदर्शक नळी लावली. नळीचं दुसरं टोक एका बाटलीत, तेलात बुडवलं. "आता ऐका. तीनचार डाव दाबायचं. मग दाबून धरायचं. मी नट ढिला करीन, मूठ आत जाईल, घाबरायचं न्हाय. मी नट आवळून 'सोडा' म्हणेस्तोवर सोडायचं न्हाय. मधीच सोडलं तर गेलेली हवा उलटी आत येती. जमंल?"

"जमंल."

"आधी वरची डबी बघू." त्यानं झाकणाकडं हात नेला. झाकणावर कुंकवाचा वाळलेला ठिपका होता. "पूजा जोरात झालेली दिसती." झाकण फिरवलं. आतली रबराची चकती उचलली. चकती फुगून वाकडी झाली होती. खाली पिवळंधमक तेल. त्यानं बोट बुडवलं, नाकाशी नेलं. पुन्हा नेलं.

"आयला… ह्याला तर फोडणीचा वास येतोय."

महादेवी हातातली ताटली पदराआड घेऊ लागली.

तो बोटाकडं बघत होता. मग कुंकवाकडं. मग तिच्या हातातल्या पूजेच्या ताटलीकडं. तिथं समईच्या तेलाची छोटी बुधली होती… तो पुन्हा गाडीकडं वळला. चिंध्यांनी डबी कोरडी करता करता गाडीशीच बोलल्यासारखं म्हणाला, "जपानात करडई पिकत असंल, न्हाई?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं… तेल कमी हाय, म्हणून."

"कमीच हुतं. ते तुमी बरोबर बघितलं. घरातल्या कुणाच्या ध्यानात न्हाय आलं ते तुमच्या आलं." त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "नुसतं तेल चुकलं. चला, दाबा."

तिनं ताटली खाली ठेवली. दाबलं. धरलं. त्यानं नट ढिला केला, नळीतून पिवळट तेल आणि बुडबुडे सरसर खाली आले. मूठ तिच्या बोटांत खोल गेली, तिचा जीवही. "धरा… धरा हां… सोडा!" पुन्हा दाबा. पुन्हा धरा. मध्ये मध्ये तो उठून डबीत जीपचं तेल ओतायचा, तेव्हा त्याचं मनगट तिच्या मनगटाच्या अगदी जवळून जायचं. लागायचं नाही. पण जवळून जायचं.

"हात दुखला?"

"न्हाई."

"खोटं बोलणं जमत न्हाय तुमाला. कान लाल होतात."

हळूहळू बुडबुडे विरळ झाले. एक… मग बराच वेळ काही नाही… मग एक अगदी मोहरीएवढा. मग नुसतंच स्वच्छ तेल. तिनं मूठ दाबली, तर ती अर्ध्यातच घट्ट थांबली.

"लागली!" ती म्हणाली. आज पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारच्या सायकलवाल्यापर्यंत गेला असेल.

सिद्धाराम हसला, पण हसता हसताच गंभीर झाला. "हे टिकायचं न्हाय. आतली रबरं त्या तेलानं फुगल्यात. मुंबईहून नवी मागवावी लागतील. तवर गावात हळू चालवली तर चालंल, पण घाटात न्यायची न्हाय. अजाबात न्हाय. आणि एक ध्यानात ठेवा. बिघडल्यावरबी चारपाच डाव भराभर दाबलं की मूठ दगडासारखी लागती. ते खोटं असतं. जरा येळ थांबून दाबायचं, तवाच खरं कळतं."

"घाटात…" तिनं अजून धरलेली मूठ सोडली. "शुक्रवारी कोजागिरी. अण्णा आणि वहिनी तुळजापूरला जाणार हायत. ह्याच गाडीवर."

 कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला जाणाऱ्या वाटेवर चालणाऱ्यांची रीघ असते. घाटात तर पाय ठेवायला जागा नसते; म्हातारीकोतारी, कडेवर लेकरं…

"मी सांगू का तुमच्या अण्णाला?" त्यानं विचारलं.

"नको! मीच सांगते. माझ्या तोंडानं."

"नक्की?"

"नक्की."

अण्णा आला. मूठ दाबून बघितली आणि खूश झाला. सिद्धारामनं रबरांचं सांगितलं, घाटाचं सांगितलं. "रबरं खराब? आठ महिन्यांची गाडी हाय, मिस्त्री!" अण्णा हसला. "कशानं होतील?"

सिद्धारामनं महादेवीकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती.

"होतात कधी कधी," तो म्हणाला.

घरी गेल्यावर सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. मग जेवण झाल्यावर. मग दिवेलागणीला. अण्णाच्या रागाची भीती होतीच. दिवाळी झाली की तो दीड वर्षासाठी बोटीवर जाणार, रागावून गेला तर? पण त्याहून आत काहीतरी वेगळंच टोचत होतं. अण्णा हसेल. 'अव्वाची खंडेनवमी' म्हणून जन्मभर हसेल. अव्वानं सांगितलेलं एक वाक्य, आणि ती चेष्टा होऊन बोटीवर जगभर फिरेल.

गुरुवारी पहाटे न्हाऊन ती देवळाला निघाली. अव्वा गेल्यापासून तिचा नेम होता. अंघोळीपासून सिद्धेश्वराचं दर्शन होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. ऊन असो, पाऊस असो, ताप असो, चार वर्षांत एकदाही मोडला नव्हता. पंचकट्ट्यापाशी सिद्धाराम उभाच होता, दात घासून झालेले, केस ओले, उगाच इकडंतिकडं बघत.

"सांगितलंत?"

ती चालत राहिली.

"म्हंजे न्हाय सांगितलं?… का सांगितलं? ओरडले का?" तो रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालू लागला. "बोला की हो. रागावलात माझ्यावर? त्या करडईच्या बोलण्याचा राग आला का? अवो, मी आपलं तुमी रडू नये म्हणून बोललो… बरं, जपान मागं घेतो. करडईबी मागं घेतो."

तिनं ओठ आवळून धरले. हसू नाकातून निसटायच्या बेतात होतं. तिनं ताटलीतली फुलं दाखवली, मग देवळाचा कळस, मग ओठांवर बोट.

"हां… मौन!" तो एवढा मोठ्यानं म्हणाला, की तलावावरचे बगळे उडाले. "मग आधी सांगायचं न्हाय का!"

दर्शन घेऊन ती बाहेर आली, तेव्हा तो पायऱ्यांशी बसला होता.

"न्हाई सांगितलं," ती म्हणाली.

तो चिडला नाही. पाण्याकडं बघत म्हणाला, "मला रातभर झोप न्हाय. डोळा मिटला की घाटच दिसतो. तुमी गाडीवर नसता, तरी तुमीच दिसता." आणि मग, बोलून बसलोच आहोत असं ध्यानात येऊन, "म्हंजे… तुमच्या घरची माणसं."

तिचे कान लाल झाले. "आज सांगते," ती म्हणाली. "शब्द देते."

पण गुरुवारी पाहुणे आले, आप्पा घरीच होते, वहिनी मेंदी लावून बसली होती… शब्द ओठांशी यायचा आणि माघारी जायचा.

शुक्रवारी ती न्हाऊन बाहेर आली, तर अंगणात गाडी सुरू होती. "उन्हं चढायच्या आत निघतो!" अण्णा म्हणाला. वहिनी — विजयमाला — नवी हिरवी साडी नेसून, ओटीचं सामान मांडीवर घेऊन मागं बसलेली. महादेवी धावत पुढं गेली आणि ब्रेकची मूठ दाबली.

मूठ आत गेली. जात राहिली. जात राहिली…

तिनं अण्णाचा हात धरला. मान हलवली. ब्रेककडं बोट दाखवलं.

"काय गं? ब्रेक?" अण्णानं चारपाच डाव भराभर दाबला. "हे बघ, दगड! उगं भिऊ नको. सोड."

ते खोटं असतं… तिला माहीत होतं. पण हे खुणेनं कसं सांगायचं? तिनं गाडीपुढं उभं राहून दोन्ही हात आडवे केले. वहिनी हसायला लागली. "वन्संचं मौन सुटेस्तोवर आपण तुळजापुरात पोचू की!" अण्णानं गाडी हळूच बाजूनं काढली. चाक उंबऱ्याच्या दगडावरून उतरलं.

सिद्धेश्वरा, क्षमा कर. एवढंच ती मनात म्हणाली.

"अण्णा, थांब!"

 अण्णानं गाडी बंद केली. तो वळून तिच्याकडं बघत होता, भूत बघावं तसा.

"त्या डबीत मी करडईचं तेल घातलं, खंडेनवमीला. आतली रबरं फुगलीत. मिस्त्री खरंच सांगत हुते, घाटात न्यायची न्हाई. तेलाचं मीच बोलले न्हाई तुला. वहिनी, उतरा. उतरा आधी!"

वहिनी उतरली. तिचा चेहरा पांढरा झाला होता. अण्णानं थोडा वेळ थांबून मूठ पुन्हा दाबली, एकदाच, सावकाश. ती त्याच्या बोटांखालून सरळ हँडलला जाऊन टेकली.

ओरडायला म्हणून त्यानं तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा उघडलं. "म्हादेवी… तू दर्शनाच्या आधी बोललीस?"

 ती रडत होती.

"अव्वा गेली त्या वर्षी ताप डोक्यात गेला हुता तुझ्या, तरी बोलली न्हाईस," तो म्हणाला आणि ओसरीच्या पायरीवर बसला.  करडईवर तो हसला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

तासाभरानं दोघं भावंडं गाडी ढकलत गॅरेजात पोचली. अण्णा आणि वहिनी आता एसटीनं जाणार होते.

"मिस्त्री, त्या करडईच्या तेलाचं तुमाला ठाऊक हुतं?"

"हुतं."

"मग तोंडात काय धरलं हुतं तुमी?"

"चुकलंच माझं," सिद्धाराम खाली मान घालून म्हणाला. "बोलायला पायजे हुतं. आजबी निघालो हुतो तुमच्या घराकडं. ही बघा, पायात चप्पल एक माझी, एक जोडीदाराची."

अण्णानं त्याच्या पायांकडं पाहिलं. मग बहिणीच्या कानांकडं. "बरं," तो जरा वेगळ्याच आवाजात म्हणाला. "रबरांचं मी मुंबईला कळवतो. गाडी हितंच राहू द्या. म्हादेवी, मी विजयाला घेऊन स्टँडवर जातो. तू सावकाश ये."

तो गेला. चहाच्या गाडीवर कपबशा वाजत होत्या.

"सांगितलंत शेवटी," सिद्धाराम म्हणाला.

"व्हय. पण नेम मोडला."

"माझ्यामुळं. मी बुधवारीच बोललो असतो, तर तुमाला बोलावं लागलं नसतं." तो चिंधीनं हात पुसत राहिला, हात केव्हाचे स्वच्छ झाले होते. "त्याला काय करायचं असतं? मोडल्यावर?"

"परत धरायचा. पहिल्यापासून."

"मग… अर्धा मला द्या."

"काय?"

"आता तुमाला ऐकू येईना व्हय? नेम. मीबी धरतो तुमच्यासंगं. उद्यापासनं. दर्शन होईस्तोवर अक्षर न्हाय बोलायचं."

इतक्या दिवसांच्या काळजीखालून तिचं हसू वर आलं. "तुमी? गप्प?"

"जीव जाईल. पण धरीन. किती दिवसांचा असतो?"

"मला… रोजच असतो."

"रोज म्हंजे?"

"म्हंजे… जन्मभर."

त्यानं हातातली चिंधी बाजूला ठेवली. "बरं झालं," तो हळूच म्हणाला, तिच्याहूनही हळू. "मला थोड्या दिवसांचं नकोच हुतं." मग, घाबरतच, "अण्णा बोटीवर जायच्या आत घरी येऊ का? आप्पांशी बोलायला?"

तिनं मान खाली घातली. "दर्शन झाल्यावर या," ती म्हणाली. "आधी बोलायचं न्हाई ना."

शनिवारी पहाटे ती न्हाऊन निघाली, तेव्हा पौर्णिमेचा चंद्र अजून पश्चिमेला होता. पंचकट्ट्यापाशी येताना तिचे पाय जड झाले. तो झोपला असला तर? दिवसाउजेडी बोललेलं पहाटे कुणाला आठवतं?

गॅरेजसमोर एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर इमामसाब गॅरेजच्या दाराच्या फळीवर थापा मारत होते. "ओ मिस्त्री! उठा की! गाडी गरम हुतीया, अक्कलकोट गाठायचंय मला!"

फळी सरकली. पांढरा सदरा, ओले केस, हातात बेलाची पानं. त्यानं इमामसाबांना नमस्कार केला, बाकाकडं बोट दाखवलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"काय झालं? दाढ दुखतीया काय?… आरं, बोल की लेका!"

सिद्धारामनं नुसती मान हलवली. चपला काढून फळीशी ठेवल्या. रस्त्याच्या पलीकडं उभ्या असलेल्या महादेवीकडं एकदाच पाहिलं आणि अनवाणी पायांनी तलावाच्या दिशेनं चालू लागला.